आये, गोंदणारीण तू निवडलीस

माझ्या आये,

नातीने पाटीवर शिकवलेली अक्षरं आहेत, वेडीवाकडी दिसतील. तुला जिवंतपणीही वाचता येत नव्हतं, तेव्हा तू तरी नावं ठेवणार नाहीस. लिहिते अशासाठी, की परवा कमलची होणारी सासू पाली गावाहून इथं किहीमला येते आहे आणि या घरात माझं ऐकायला भिंतीशिवाय कुणी उरलेलं नाही.

कमल म्हणजे माझ्या दत्तूची मुलगी. सातवी पास. तिला मास्तरीण व्हायचंय. विहीणबाईंचा निरोप आला, "पोर पसंत हाय, पन हात कोरा हाय तिचा. न गोंदलेल्या हातचं पानी आमच्यात कोन पीत न्हाय." कमल म्हणते, "आजी, मला नको ते हिरवं." दत्तू म्हणतो, "एवढ्यासाठी स्थळ घालवू?" आणि दोघांच्या मधे मी, जात्यातल्या दाण्यासारखी.

गोंदणारीण पारखावी तर तू! माझ्या वेळी दोघींना अंगणातूनच वाटेला लावलं होतंस. आठवतं? एक आपल्या दंडावरचा ताजा विंचू दाखवायला लागली, तशी तू म्हणालीस, "ताजं सगळंच हिरवं दिसतं, गो. गेल्या सालचं दाखव!" दुसरीने सुया उकळायला नाक मुरडलं. तिसरी आली, तिच्या हातावरच्या जुन्या रेघा तू उन्हात नेऊन बघितल्यास, गोंदायच्या काजळाचा वास घेतलास, मग पाट दिलास.

निवड चोख होती, नाही म्हणत नाही. माझ्या हातावरच्या तुळशीचं एकही पान अजून पुसलेलं नाही. पण आये, मला विचारलंस का गं? मनगट तू धरलंस, पाय मामीने धरले. मी तुला चावले तर म्हणालीस, "सोनं इथंच राहतं, गोंदण तेवढं वर सोबत येतं." आलं का? वर कुणी हात उलटा करून बघितला का तुझा?

तरी मी तुझ्याच वाटेने गेले. आधी जत्रेत. तिथं एकजण बॅटरीच्या यंत्राने गोंदत होता. सुई एकच, पुसायचं फडकंही एकच, अख्ख्या तालुक्याला! मला म्हणतो, "आजी, नवऱ्याचं नाव काढू?" म्हटलं, "जन्मभर तोंडाने घेतलं नाही, ते आता दंडावर मिरवू? आधी फडकं धू, मेल्या!"

मग थळच्या वाटेवर चंद्रा गोंदणारीण सापडली. म्हातारी, तोंडाची माझ्याहून फटकळ. जुनं काम बघितलं, सुया बघितल्या, काजळ हुंगलं. तुझ्या सगळ्या परीक्षांत उतरली. मीच तिला घरी आणली, आये. मीच.

कमल माजघरात दडली होती. दत्तूने तिला ओढत आणलं, सुनेने मनगट धरलं. चंद्राने सुया चिंधीत गुंडाळल्या.

"काय झालं?" दत्तू म्हणाला.

"धरलेल्या हाताला मी सुई लावत न्हाय. हिसका बसला की रेघ मोडते नि जखम चिघळते. पोरीनं आपनहून हात पुढं केला तर बोला."

कमलने हात पाठीमागे नेला. चंद्रा तिच्यासाठी सुपात काढलेले तांदूळही न घेता उठली.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. तू निवडलेलीला माझा धरलेला हात चालला कसा? इतकं पारखलंस, एवढंच कसं गं राहिलं?

आता दत्तू म्हणतो, "उद्या जत्रेतल्या यंत्रवाल्याला आणतो, तो नखरे करत नाही." चांगली मिळाली ती गोंदत नाही आणि गोंदतो तो पोरीचा हात सडवेल. मी अडवलं तर स्थळ मोडल्याचा बोल जन्मभर माझ्या आणि कमलच्या माथी. भाकरी दत्तूची खाते. माहेर म्हणावं तर तूच गेलीस. जाऊ कुठं? सकाळी कमलने विचारलं, "आजी, तू कुणाच्या बाजूची?" म्हटलं, "चुलीच्या. भात करपतोय, सरक." दुसरं काय सांगणार होते? बाजू घ्यायला आधी पायाखाली जागा लागते.

पण तुला सांगून ठेवते. उद्या यंत्रवाला आला की उंबऱ्यात मी बसलेली असेन. मला ओलांडायचं तर दत्तूला आईच्या अंगावरून जावं लागेल, तेवढी लाज त्याला आहे. आणि परवा विहीणबाई आल्या की कमलच्या कोऱ्या हाताने भरलेला तांब्या मीच त्यांच्यापुढे ठेवीन. प्यायल्या तर मांडव घालू. नाही प्यायल्या तर पालीपर्यंत तहानेने जाऊ देत.

तुझी चावरी लेक,
गंगी