गौरीच्या दिवशीचं पाणी

अक्का,

मागच्या आठवड्यापासून तुझी गोळी मी घेते आहे. तीच की तिची बहीण, ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक, पण काम तेच: अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढायचं, पायाची सूज उतरवायची आणि रक्तदाब ताळ्यावर आणायचा. सर्जापूर रोडवरच्या या दवाखान्यात सगळं चकचकीत आहे, टोकन घेऊन पडद्याकडे बघत बसायचं. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला, पडलेला खळगा भरून येईपर्यंत बघितलं, रक्त तपासायला लिहून दिलं आणि मग गोळी समजावून सांगायला लागली. "सकाळी खाल्ल्यावर घ्यायची," ती म्हणाली. "संध्याकाळी नाही, नाहीतर रात्रभर उठावं लागतं," मी म्हणाले. "आणि एखाद्या दिवशी चुकली तर..." "दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत," मी पुरं केलं. तिनं पेन खाली ठेवलं. "आंटी, तुम्ही मेडिकल लाइनमध्ये होता का?" मी म्हटलं, "नाही, माझी आई ब्लाऊज शिवायची." तिला त्यातून काही बोध झाला नसणार, पण मला ते सांगताना एवढा अभिमान वाटला की तुला कळवल्याशिवाय राहवेना. म्हणून आज लिहायला बसले.

आणि आज हरतालिका आहे, म्हणूनही. के. आर. पुरमचं आपलं घर आज राहिलेलं नाही, पण हा दिवस आला की मला स्टेशनमागची ती गल्ली दिसते. पुढची खोली तुझी. सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची, म्हणून लेक असून मीही अक्काच म्हणायचे. खिडकीला लागून मशीन, खाली चिंध्यांचं बोचकं, भिंतीवर खिळ्याला टेप. आपली हरतालिका आणि कन्नड बायकांची गौरी एकाच दिवशी येत असल्यामुळे गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना एकाच सकाळी नवा ब्लाऊज हवा असायचा. त्या पंधरवड्यात आपल्या घरात भात वेळेवर शिजला तर नशीब. तू कोणाला नाही म्हणायची नाहीस, आणि घेतलेलं काम राहिलं असंही कधी झालं नाही. मी नुकतीच इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत लागले होते. गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बसनं जायचं आणि अंधार पडता पडता परत यायचं. येते तर तू अजून पायडल मारते आहेस. पाय सुजून ढब्बू झालेले. विचारलं की म्हणायचीस, "ही मशीनची सूज गं, झोपलं की उतरते." मग ती झोपूनही उतरेनाशी झाली. जोडवी रुतायला लागली, ती साबण लावून काढावी लागली, तेव्हा अण्णांनी तुला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

ते आपले बाजारामागचे डॉक्टर. मूळचे कन्नड, पण पेशंटांकडून मराठी शिकलेले, दर वाक्याला एक "सरी", म्हणजे "बरं", जोडणारे. त्यांनी तुझा बीपी घेतला, छाती ऐकली, रक्त आणि लघवी तपासून आणायला लावली, आणि मग ही पाण्याची गोळी सुरू केली. मीठ कमी, लोणचं आणि हप्पळ, म्हणजे पापड, बंद. हप्पळ बंद म्हटल्यावर तुझा चेहरा जो पडला, तो मला आजही आठवतो. "आणि कंबरदुखीची गोळी दुकानातनं आणून घेऊ नका अक्का, ती हिच्या कामात खोडा घालते. दुखलं तर माझ्याकडे या. सरी?" तू सरी म्हणालीस. घरी आल्यावर मात्र तुझं आणि गोळीचं जमेना. घेतली की तासाभरात उठायचं, मागच्या अंगणातल्या संडासापर्यंत जायचं, परत येऊन बसतेस तोच पुन्हा उठायचं. सुई थांबायची, दोरा निघायचा, दारात बायका खोळंबायच्या. मग तू तुझ्या मनानं ठरवून टाकलंस: काम कमी असेल त्या दिवशी गोळी, जास्त असेल त्या दिवशी सुट्टी. पुढच्या खेपेला बीपी बघून डॉक्टर म्हणाले, "अक्का, तुम्ही माप एक दिवस टेपनं घेता आणि एक दिवस अंदाजानं, असं करता का?" तुला एवढं थोडक्यात गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण तू ऐकलंस, आणि तेही तुझ्या पद्धतीनं. सगळा दिवसच उसवून नव्यानं शिवलास. सकाळी न्याहरी, मग गोळी, आणि मग दुपारपर्यंत मशीनला हात नाही. बेतायचं, कापायचं, हूक लावायचे, म्हणजे मध्येच उठलं तरी काही बिघडणार नाही अशी कामं. गोळीचा जोर ओसरला की मशीनवर बसायचं. डॉक्टरांनी रोज वजन बघायला सांगितलं होतं, आपल्याकडे कुठला काटा. तेव्हा तू उठल्या उठल्या खिळ्यावरचा टेप घेऊन स्वतःच्या घोट्याचं माप घ्यायचीस आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहायचीस. डॉक्टरांना ते फार आवडलं. वाढलं किंवा चालताना दम लागला तर लगेच यायचं, एवढंच त्यांनी त्याला जोडलं. एका रविवारी दारात बाई आली, तू मागे गेली होतीस, मी म्हटलं, "अक्का पूजेला बसलीये." तू पदराला हात पुसत येत होतीस, तिथूनच म्हणालीस, "पूजा कसली? लघवीला गेले होते. पाण्याची गोळी चालू आहे माझी." ती बाई गेल्यावर माझ्याकडे वळलीस. "देवाच्या नावावर खपवायला हे काय चोरीचं काम आहे? औषध आहे. औषध लपवलं की चुकतं." माझा चेहरा लाल झाला होता. पण आठवड्याभरात गल्लीतल्या बायका ब्लाऊजबरोबर आपापले पायही तुला दाखवायला लागल्या, आणि तू प्रत्येकीला त्याच डॉक्टरांचा पत्ता सांगायचीस. आपल्या डबीतली गोळी तू कोणाला दिली नाहीस. एकीनं मागितली तेव्हा म्हणालीस, "माझ्या मापाचा ब्लाऊज तुला येईल का?"

त्या वर्षीची हरतालिका आली ती अशी. तू लग्नाआधीपासून हा उपास पाण्याच्या थेंबाविना करत आलेली. डॉक्टरांनी विचारलं नाही, कारण त्यांच्या घरात गौरीला जेवतात, आणि तुलाही सांगावंसं वाटलं नाही, कारण उपास ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट? आत्या, अण्णांची थोरली बहीण, आपल्याच घरी असायची आणि घरातला धर्म तिच्या ताब्यात होता. तिनं निकाल दिला, "औषधापुरतं घोटभर पाणी चालतं. बाकी उपास पुरा कर." तुला ते पटलं. डॉक्टर म्हणतात गोळी चुकवायची नाही, तर चुकवायची नाही. व्रत म्हणतं पाणी नाही, तर पाणी नाही. दोघांचीही आज्ञा तू अक्षरशः पाळलीस, आणि त्यातच सगळी चूक होती. सकाळभर गोळी तिचं काम करत राहिली, आणि वरून आत काही नाही. मी सुट्टी घेऊन घरी होते. तू पांढरी दिसतेस म्हटलं तर म्हणालीस, उपासानं तेज येतंय. दुपारी शेवटचा ब्लाऊज घ्यायला बाई आली. तू मशीनवरून उठलीस, "हूक लावलेत, बघून घे," म्हणालीस, आणि चाक धरायला हात पुढे केलास, पण ते धरायच्या आतच कोसळलीस.

मला वाटलं तू गेलीस. आज सांगायला हरकत नाही, त्या दहा-पंधरा मिनिटांत मी आईविना जगून पाहिलं. कपाळ फुटलं होतं, ओठांवर पापुद्रे, हाक मारली तर डोळे उघडायचे आणि मिटायचे. अण्णा रिक्षा घेऊन आले. दवाखान्यात बीपी एवढा उतरलेला की डॉक्टरांनी दोनदा घेतला. सलाईन लावलं, रक्त पाठवलं. रक्तातलं पोटॅशियमही खाली गेलेलं निघालं. तू शुद्धीवर आलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस? "गोळी घेतली होती हो डॉक्टर, चुकवली नाही." डॉक्टर स्टूल ओढून तुझ्याजवळ बसले. रागावले नाहीत. "अक्का, गोळी पाणी बाहेर काढते. तुम्ही आत घातलंच नाही. मग अंगात राहिलं काय? उलट्या, जुलाब, ताप, उपास, यातलं काही असेल त्या दिवशी आधी मला विचारायचं. गोळीचं काय करायचं ते मी सांगीन. तुम्ही नाही, तुमच्या वन्संही नाहीत. सरी?" आत्या कोपऱ्यात डोळे पुसत उभी होती. तिनंच आधी सरी म्हटलं.

पण ते सरी दवाखान्यातलं होतं. पुढच्या वर्षी श्रावण लागला तशी आत्या पुन्हा म्हणायला लागली, इतक्या वर्षांचं व्रत अर्धवट सोडलं तर बरं नाही, अण्णांच्या जिवाला काही झालं तर? तुझा जीव तिथे अडकला होता, मला दिसत होतं. पाणी प्यावं तर नवऱ्याचं आयुष्य, न प्यावं तर स्वतःचं. तू कामं आटोपून एकटी डॉक्टरांकडे गेलीस, महिना आधीच. परत आलीस ती चप्पल काढता काढता म्हणालीस, "फळं, दूध खाऊन उपास कर म्हणाले. गोळी नेहमीसारखी. पाणी सोडायचं नाही, म्हणजे नाही." एवढंच. आत्यानं तोंड फिरवलं. अण्णा म्हणाले, "माझं आयुष्य मी बघून घेईन, तू पाणी पी."

त्या संध्याकाळी पूजा आपल्याच पुढच्या खोलीत आहे. मशीन भिंतीला सरकवलेलं, पाटावर वाळूची पार्वती, शेजारी तिची सखी, पत्रीचा ओला वास. गल्लीतल्या सगळ्याजणी आल्या आहेत आणि जिच्या तिच्या अंगावर तुझा ब्लाऊज आहे. मागच्या वर्षीचं सगळ्यांना ठाऊक आहे. एकजण हळूच म्हणाली, "अक्का, तुम्ही आत जाऊन घोट घेऊन या. आम्ही बघत नाही." तू तिच्याकडे असं बघितलंस की बिचारीनं मान खाली घातली. "आत कशाला?" तू म्हणालीस. तांब्यातून पेलाभर पाणी ओतलंस, गौरीपुढे ठेवलंस, हात जोडलेस, आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, पेला रिकामा केलास. तोंड पुसलंस. "तिनं उपास केला तेव्हा तिला बीपी नव्हता," तू पार्वतीकडे हात करून म्हणालीस. "मला आहे. तिला कळतं." मग खोलीभर नजर फिरवलीस. "इथे आणखी कोणाला गोळी चालू आहे?"

एकीनं उगाचच वात सारखी केली. मला वाटलं, आता हा विषय असाच विरून जाणार. तेवढ्यात तुझ्या मागून आत्याचा आवाज आला, "मलाही दे स्वल्प." बीपीची गोळी आत्या कितीतरी दिवसांपासून घेत होती, हे अण्णांनासुद्धा माहीत नव्हतं. उपासाच्या दिवशी ती गोळीही सोडायची आणि पाणीही, आणि तिचे उपास म्हणजे आठवड्यातले अर्धे वार. तू तोच पेला विसळलास, भरलास आणि दोन्ही हातांनी तिला दिलास. मग दाराजवळच्या एकीनं हात वर केला. तू सगळ्यांना सांगितलंस, "मला सांगितलं ते माझ्यापुरतं, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना जाऊन विचारा," आणि आरती सुरू केलीस. अक्का, मी शिकलेली, नोकरीला लागलेली, आणि त्या खोलीत माझ्याइतकी ताठ मान कोणाचीच नव्हती. कारण तू माझी आई होतीस.

त्यानंतर तू पुष्कळ वर्षं शिवत राहिलीस, आणि अण्णाही तुझ्या पाण्यामुळे काही कमी जगले नाहीत. तू गेलीस ती वयानं. शेवटी तुझे पाय धुतले तेव्हा घोट्यांची हाडं दिसत होती, आणि मला उगीचच टेप आठवला. मशीन माझ्याकडे आहे, इथे बाल्कनीच्या दाराशी. घरातल्यांना ते शोभेचं वाटतं.

आता खरं सांगते. आज सकाळी मी न्याहरी केली, गोळी घेतली, वर पेलाभर पाणी प्याले. डॉक्टरीणबाईंना आधी विचारून ठेवलं होतं, त्यात काही चुकलं नाही. मग खाली उतरताना लिफ्टमध्ये सोसायटीतली एक पुण्याची मुलगी भेटली. संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये पूजा आहे, तिनंच सगळं ऑर्गनाइझ केलंय. म्हणाली, "काकू, तुमचा उपास निर्जळीच असेल ना? तुमच्या जनरेशनचं खरंच कौतुक वाटतं." तिनं सहज सांगितलं की तिलाही डिलिव्हरीपासून बीपीची गोळी चालू आहे, पण आजच्या दिवस पाणी नाही. आणि मी हसले, अक्का. नुसती हसले, माझ्या गोळीचं, पाण्याचं काही न सांगता लिफ्टमधून बाहेर पडले.

हे पत्र मशीनच्या खणात, तुझ्या बॉबिनांपाशी ठेवीन. दुसरीकडे कुठे पाठवणार? पूजेला अजून वेळ आहे, पण मी आत्ताच त्या मुलीच्या दारात जाते आहे. पाण्याची बाटली मघाशी पूजेच्या पिशवीत, पातळाच्या घडीखाली लपवून ठेवली होती. ती काढून हातात घेतली आहे.