माईनं ओ दिली

ता. ४
आले एकदाची लेकाच्या घरी. खोली झकास आहे. खाली बेकरी, त्यामुळे उठल्या उठल्या पावाचा वास. पलंग मात्र इतका मऊ, की माणूस बसलं की गडप. सूनबाई घरूनच कंप्युटरवर काम करते. काय चाललंय विचारलं, तर म्हणाली, आम्हा सगळ्यांचं काम कंप्युटरमधल्या ज्या मुख्य शाखेत, म्हणजे फाइलींच्या गठ्ठ्यात, जमा होतं, तिचं नाव बदलतोय, आठवडा लागेल. म्हटलं, त्याला आठवडा लागतो? लग्नात माझं नाव मिनिटात बदललं, तेही मला न विचारता. लेकाला हसता हसता ठसका लागला.

ता. ६
सूनबाईनं नीट समजावलं. आधी जुन्या शाखेची हुबेहूब नक्कल करून तिला नवं नाव द्यायचं. मग एकेकानं तिकडे जायचं. शेवटचा माणूस गेला की जुनी पुसायची. आतलं काही बदलत नाही म्हणे.
तेच खूळ तिनं घरात आणलं. माझी नात ठकी दोन्हीकडच्या आज्यांना आजीच म्हणते, फोनवर घोटाळा होतो. तर आजपासून मी माई. मी सांगून टाकलं, म्हणा काय म्हणायचं ते, मी ओ देणार नाही. मीही काही कमी नाही.

ता. ७
सूनबाईनं चहाला हाक मारली, माई. मी मुद्दाम गप्प, लसूण सोलत बसले. आतल्या खोलीतून कुणीतरी ओ दिली. आवाज माझाच, खरखरीत.
चहा तिकडे गेला.

ता. ९
बघितली तिला. माझाच अंबाडा, माझ्यासारखाच डावा पाय ओढते. जेवायला माझ्या खुर्चीवर ती, मी उभी. लेकाला म्हटलं, अरे मेल्या, तुझी आई इकडे आहे. त्यानं तिला भाजी वाढली. ती पुरे म्हणाली, तेही माझ्यासारखंच, वसकन.
भीती वाटायला हवी होती. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होतो ना, तसं अंगभर झालंय. बाकी काही नाही.

ता. १०
मी आता फक्त ठकीला दिसते. ती अजून आजीच म्हणते. तिला बजावलं, काही झालं तरी मला माई म्हणायचं नाही. ती म्हणाली, पण आई रागावते.

ता. ११
हट्ट सोडला. सूनबाईनं माई म्हणताच मोठ्यांदा ओ दिली. दोनदा दिली. कुणी मान वळवली नाही —
बोटं गार पडलीत. पेन धरलंय की नाही, बघून कळतं.

ता. १२
ठकीला समोर बसवलंय. सूनबाई म्हणतेय, आता तूच तेवढी राहिलीस, म्हण बरं माई. ती दुसरी शेजारीच, ठकीचे केस विंचरतेय — हलक्या हातानं, मला कधी जमलं नाही —
ठकी माझ्याकडे बघतेय. मी मान हलवते, नको —
अजून बघतेय. ‘मा’ म्हणायला ओठ मिटले तिनं आणि