आत्याच्या जुन्या कंप्युटरवरचं आकाश

तीर्थस्वरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलोय. उरलेला भेटीत.) गुडघा कसा आहे? जिना चढलीस की ताई अजून रागावते का? तिचं बरोबरच आहे, पण हे तिला सांगू नकोस आणि तूही मनावर घेऊ नकोस. मी खुशाल आहे, निदान हे पत्र लिहायला घेतलं तोवर तरी आहे.

आमचा आकाशाचा प्रोग्राम तुला ठाऊकच आहे. तारीख घातली की त्या संध्याकाळचे तारे दाखवतो. तुझ्या पोटी ताई जन्मली त्या दिवसाचं आकाश लावून तू चहा घेत बसायचीस, तोच. तर हा प्रोग्राम असंख्य तुकड्यांत लिहिलेला असतो आणि ते तुकडे जोडून एकसंध करणारं एक हत्यार असतं, त्याला आम्ही बिल्ड टूल म्हणतो. आमच्या मास्तरांना (हे आमचे प्रमुख. पूर्वी भूमिती शिकवायचे, अजून फळा बाहीनेच पुसतात) त्याची नवी आवृत्ती हवी होती. दहा ओळींचं काम एका ओळीत होतं म्हणे. अडचण एवढीच, की ती जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत नाही. म्हणजे तुझ्यासारख्यांच्या जुन्या कंप्युटरवर आमचं पुढचं आकाश कधी उगवलंच नसतं. सगळ्यांना ते चालणार होतं. जुने कंप्युटर आता वापरतं कोण, असं ज्याचं त्याचं म्हणणं.

मीही मान डोलावली असती, पण आमची खोली लाँड्रीच्या वर. दुपारी इस्त्रीची ऊबदार वाफ फरशीतून वर येते, साबणाचा वास येतो, खिडकीबाहेर पांढऱ्या चादरी फुगून सावकाश खाली बसतात. माणूस कामावर आहे की तरंगतोय, हे त्याचं त्याला कळत नाही. तशात मास्तरांनी विचारलं, कुणाची हरकत? आणि नेमका त्याच क्षणी मी दोन्ही हात वर करून आळस दिला. मास्तरांनी ती दुप्पट हरकत धरली.

"बोल," ते म्हणाले.

प्रश्न काय होता हेच मला माहीत नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त तू होतीस, चष्मा कपाळावर ढकललेला, कपात बोट बुडवून चहा निवला का बघणारी.

"माझी आत्या," मी म्हणालो.

पुढे जीभ माझी राहिली नाही. आत्याकडे जुना कंप्युटर आहे, रोज संध्याकाळी गल्लीतली वयस्कर मंडळी जमतात, ती त्यांना तारे ओळखायला शिकवते, खुर्च्या पुरत नाहीत. मास्तर विरघळले. जुनंच हत्यार राहील, म्हणाले, आणि ते निभावून न्यायची जबाबदारी माझी.

मग काय, लाँड्रीवाल्या बाईंकडून एक म्हातारा कंप्युटर मागून आणला. (त्या त्याच्यावर इस्त्रीचे शर्ट रचायच्या.) नव्या सोयीच्या भरवशावर आधीच एका ओळीत लिहून ठेवलेलं सगळं उसवून पुन्हा लांबलचक लिहीत बसलो. तुझ्या नावाने बोटं मोडली, खोटं कशाला सांगू. दर वेळी काहीतरी अडायचं, आणि जुळेपर्यंत मला डुलकी लागायची.

काल दुपारी एकदाचं जुळलं. आमच्या नव्या कंप्युटरवर आकाश दिवा लावल्यासारखं झटकन येतं. इथे आधी नुसता काळोख आला. बऱ्याच वेळाने खाली एक तारा, मग काहीच नाही, मग दूर कुठेतरी दुसरा. एकेकाचे हात कीबोर्डवरून उतरले. लाँड्रीवाल्या बाई शर्ट घेऊन वर आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. मास्तर खुर्ची ओढून जवळ बसले.

"खरंही असंच उगवतं की," ते हळूच म्हणाले.

वाफ वर येत होती, तारे एकेक करून येत होते, आणि मला वाटलं, आपण खोलीसकट जमिनीवरून सुटलो आहोत. आत्या, एवढ्यासाठी तरी तो आळस देणं बरंच झालं.

ताईला आशीर्वाद मागितलेत म्हणून सांग. तुझी माया आहेच, ती मागत नाही.

तुझा भाचा

ता. क. : मास्तर रविवारी तुझा वर्ग बघायला येताहेत. चार वयस्कर शेजारी तेवढे जमव, खुर्च्या कमी मांड. आणि ताईने आणलेला नवा कंप्युटर खोक्यातून काढू नकोस.

पुन्हा ता. क. : आत्ताच ताईचा फोन आला. नवा कंप्युटर तू कधीचाच लावलास म्हणे, आणि जुना जिन्याखाली आहे, त्याच्यामागे मांजर व्याली आहे. तिला अजिबात उठवू नकोस. मास्तरांना काय सांगायचं ते मी बघतो. ताई असंही म्हणाली, की नव्यावर सगळे तारे एकदम येतात, चहा निवेपर्यंत बघायला काही उरत नाही, आणि आकाश जरा सावकाश करून मिळेल का, असं तू विचारलंयस. मिळेल, आत्या. फक्त त्याला नवं बिल्ड टूल लागतं.