पिशवी चार, पिशवी नऊ

मी, विजयमाला मोहनराव शिनगारे, वय ५८, अविवाहित, मूळची तलवाडा, तालुका गेवराई, हल्ली मुक्काम बीड, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही. आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत गेला आहे आणि संक्रांतीच्या पुढचे काही विचारले की डॉक्टर फाईल चाळू लागतात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर बरे झाले असते, निदान या कामात कोणाचे तरी लक्ष आहे असे वाटले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकील भागवतराव म्हणाले, "ताई, व्यवसाय एका ओळीत लिहा." एका ओळीत मावत नाही. कपिलधारच्या अलीकडच्या माळावर १९९६ पासून एक प्रकल्प चालू होता. बारा चौकोन आखलेले. सहांना तारेचे कुंपण, सहा चराईला मोकळे. चराई थांबली तर माळाचे काय होते, ते वर्षानुवर्षे बघायचे. माळावर बघणारे वेगळे होते. त्यांनी आणलेला प्रत्येक आकडा तपासणारी, लिहिणारी आणि जपणारी मी. पदाचे नाव डेटा मॅनेजर. आई तलवाड्यात सांगायची, पोरगी गवताच्या हापिसात हाय. आईचे जास्त बरोबर होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये प्रकल्प बंद झाला. "खोली रिकामी करून द्यावी" एवढेच पत्र आले. मी टेम्पो केला आणि २१२ रजिस्टरे घरी आणली. आता कलमे.

१. बीडमधले दोन खोल्यांचे घर माझी भाची रोहिणी हिला. दवाखान्याच्या फेऱ्या तिनेच केल्या, आणि एकदाही "आत्या, धीर धर" म्हणाली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. रजिस्टरे मागच्या खोलीत भिंतीपासून हातभर पुढे ठेवावीत, भिंतीला वाळवी आहे. संगणकाचा पासवर्ड मी तिला तोंडी सांगितला असून तिने तो दोनदा म्हणून दाखवला आहे. बँकेतली ठेवही तिलाच, कुंपणाची डागडुजी त्यातून करावी.

२. बंधू विजयसिंह यास वडिलांची आरामखुर्ची देते. ती त्याने मला न विचारता चार वर्षांपूर्वीच नेली आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न नाही. पंचायत समितीच्या तीन निवडणुका तो हरला, एक जिंकला, आणि चारही वेळा प्रचाराला माझी जीप होती. प्रकल्पाचा माळ आता माझ्या मालकीचा आहे, त्यावर सौर प्लेटा बसवायला कंपनी तयार आहे, असे तो दिवाळीपासून सांगतो आहे. "ताई, तीस वरसं गवत मोजलंस. निघालं काय? गवतच ना?" माळावर त्याचा काडीचाही हक्क नाही, हे वकिलांनी ठळक अक्षरात टाकावे.

३. नोंदी. या मी कोणाला देऊ? नऊ ठिकाणी लिहिले. चार ठिकाणांहून उत्तर नाही. दोघांनी विचारले की माहिती कोणत्या स्वरूपात आहे. मी कळवले, पुढे शांतता. एका सद्गृहस्थांनी बिबट्याच्या काही नोंदी असतील तर तेवढ्या पाठवा म्हटले. उरलेल्यांनी माझ्या कार्याचे कौतुक केले. मला भीती वाटते, ती इथे लिहून ठेवते. तेराव्याला नातेवाईक जमतील, मागच्या खोलीत डोकावतील आणि कोणीतरी म्हणेल, "या रद्दीचं काय करायचं?" तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन.

आणि जुनी रजिस्टरे वाचली तरी पुढचे पान कोण लिहिणार? माळावर पर्जन्यमापक आहे, पाऊस मोजायचे साधे भांडे. रोज सकाळी साडेआठला बघायचे. पाणी नसेल तर शून्य लिहायचे. कोणी गेलेच नाही तर रकाना मोकळा ठेवायचा. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवीत असे, की शून्य लिहायला माणूस तिथे जावा लागतो. एकोणतीस वर्षांत मोकळे रकाने एकूण एकतीस. प्रकल्प बंद झाल्यावर रोज मीच जात असे. यंदा २४ जुलैला मी अंथरूण धरले. तेव्हापासूनचे सगळे मोकळे आहेत. साडेआठ वाजले की मी घड्याळाकडे पाठ करते.

४. प्रकल्पाचे तेव्हाचे संचालक यांस कलम पाचची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. त्यांना दुसरे काही देणे नाही.

५. माळ. साडेसहा एकर. भाडेपट्टा संपला तेव्हा, २०११ साली, मी तो स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून विकत घेतला. तो संपूर्ण, कुंपणासह, मी सिदू गडदे, राहणार गडदे वस्ती, यांस देते. का देते ते लिहिल्याशिवाय हे दान होईल, आणि दान करण्याची माझी लायकी नाही.

सिदूभाऊ पहिल्या दिवसापासून माळावरचे निरीक्षक होते. चौथी शिकलेले. गवत फुलोऱ्यावर यायच्या आधी, नुसत्या पात्यावरून ओळखत. दर कार्तिकात ते प्रत्येक चौकोनातले मीटरभर गवत कापून, वाळवून, कापडी पिशवीत भरून, आत नंबराची चिठ्ठी टाकून माझ्याकडे आणत. वजन मी करी.

एका वेळी एकच पिशवी उघडायची, हा नियम माझाच. २०१४ च्या कार्तिकात एके दिवशी भारनियमनाची वेळ जवळ आली, काटा विजेवरचा, म्हणून मी दोन पिशव्या एकदम उघडल्या. चार आणि नऊ. चार कुंपणातली, नऊ मोकळ्या माळाची. चिठ्ठ्या टेबलावर काढल्या आणि परत टाकताना उलट्या टाकल्या.

कागदावर कुंपणातले गवत निम्म्याने कमी दिसले. त्याच महिन्यात उत्तरेची तार एका जागी तुटलेली होती. सिदूभाऊंची स्वतःची साठ मेंढरे, आणि वर्ष दुष्काळाचे. मी बेरीज केली. कुंपण तोडून निरीक्षकाने मेंढरे आत घातली, असा अहवाल माझ्या सहीने गेला आणि त्यांना काढून टाकले.

ते कार्यालयात आले होते. म्हणाले, "बाई, गवत बघा की. कागद कावून बघताय?" पिशव्या चार हातांवर, कपाटात होत्या. मी कागद बघितला. मग ते वस्तीवर गेले आणि बिरोबाचा भंडारा उचलून सगळ्यांसमोर सांगितले, की माझी मेंढरं आत गेली न्हाईत. त्यांच्यात भंडारा उचलून खोटे बोलत नाहीत. वस्तीने खात्री करायला माणूस माझ्याकडे पाठवला. मी त्याला आकडे दाखवले. म्हटले, शपथ हा पुरावा नव्हे. वस्तीने माझे ऐकले. जत्रेत पहिला भंडारा उधळण्याचा त्यांच्या घराचा मान काढून घेतला. चोरीपेक्षा देवाची खोटी शपथ मोठी ठरली, आणि ती त्यांच्या नावावर मी लावली.

२०२१ साली जुन्या पिशव्यांना वाळवी लागू नये म्हणून मी त्या उघडल्या. चारमध्ये कुसळी होती, चरलेल्या माळावरचे गवत. नऊमध्ये पवन्या. पवन्या कुंपणाबाहेर कुठेच उगवत नाही, मेंढरे ठेवतच नाहीत. संचालकांना फोन केला, ते म्हणाले, "आता कशाला उकरून काढता? त्यावरचा रिसर्च पेपर छापून झाला आहे." मी ऐकले. ऐकायचे नव्हते. चार वर्षे गप्प बसले ती माझी मी बसले, त्यांनी बसवले नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा, तारीख आणि सही करायची, हे मी शेकडो लोकांना शिकवले. त्या एका ओळीवर रेघ मारायला माझा हात उचलला नाही. आज मारली आहे. रजिस्टर क्रमांक ११८, पान ४०.

माळ विनाअट दिला आहे. सिदूभाऊंनी उद्या सगळी मेंढरे आत सोडली तरी कोणाची हरकत चालणार नाही. पण हात जोडून मागते, मोजा. दुसऱ्या कोणाला येत नाही. तुमचा विळाही यासोबत आहे. तुम्हाला काढल्यावर कार्यालयाने ठेवून घेतला होता. मी तो गंजू दिला नाही.

येथून पुढे हाताने लिहीत आहे, कारण टाइप झाल्यावर गोष्टी घडल्या.

गेल्या आठवड्यात रोहिणीने मला गाडीत घालून वस्तीवर नेले. दारात सिदूभाऊंच्या पत्नी बायडाबाई होत्या. "अकरा वरसं झाली," त्या म्हणाल्या. "आता कावून आलात?" मी कागद पुढे केला. रोहिणीने कलम पाच वाचून दाखवले. सिदूभाऊ आतून ऐकत होते. बाहेर आले, पण माझ्याकडे न बघता रोहिणीशी बोलले.

"हे बाई मेल्यावर वाचायचं व्हय? वकील वाचल, बीडात. मला चोर हितं म्हन्लं, बीडात न्हाई. सांगायचं आसल तर जित्तेपणी सांगा म्हनावं, देवळापुढं. न्हाई तर तुमचा माळ तुमालाच."

मोजाल का, हे विचारायचे राहून गेले.

म्हणून सही वकिलांच्या कार्यालयात न करता आज बिरोबाच्या देवळापुढे करीत आहे. दहा वाजता वस्ती जमली. सिदूभाऊ नव्हते. बायडाबाई म्हणाल्या, "सकाळीच कुटं गेलेत, ठावं न्हाई." मला वाटले, संपले. तरी भंडारा उचलला आणि कलम पाच वाचले. मध्ये दोनदा बसावे लागले. शेवटी एक म्हातारे मागून म्हणाले, "बाई, मागच्यास्नी ऐकू आलं न्हाई. परत वाचा."

परत वाचले. दुसऱ्या वाचनाला सिदूभाऊ कडेला येऊन उभे होते. धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळे चिकटलेली. सगळे ऐकले, पुढे आले, माझ्या कागदावर घडी केलेली एक चिठ्ठी ठेवली आणि देवळात गेले. चिठ्ठी सोबत जोडली आहे. या मृत्युपत्राचा तो भाग समजावा.

लिहून देणार: विजयमाला मोहनराव शिनगारे (सही)

साक्षीदार:
१. कौशल्याबाई नवले, शेजारी, निवृत्त परिचारिका, बीड (सही)
२. हनुमान गडदे, बिरोबाचे पुजारी, गडदे वस्ती (अंगठा)

ठिकाण: बिरोबाचे देऊळ, गडदे वस्ती, जिल्हा बीड
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सोबत चिठ्ठी, पेन्सिलीने:
१६-११. सकाळी ८.३०. पाऊस ०. भांड्यात पाला व्हता, काडला. मोजनार सिदू गडदे.