एका शब्दाचं वैर

पॅरिस, मार्च १८४७

प्रिय लाझार भावजी,

ग्रेग्वार मंगळवारी गेले. प्रयोगशाळेतल्या वाफांनी छाती पोखरली होती, असं डॉक्टर म्हणाले. मला अजून रडू आलेलं नाही.

एका शब्दावरून तुम्ही दोघे भाऊ सहा वर्षं बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, "अवशेष हा गणिताचा शब्द आहे. जिथे सूत्र मोडतं त्या बिंदूभोवती फेरी मारली की हाती उरतो तो." हे म्हणाले, "दोन पदार्थ भेटतात, त्यांच्यातलं पाणी निघून जातं आणि उरलेले तुकडे एकमेकांना धरतात, ते अवशेष. तुझ्या कागदाला कधी वास तरी येतो का?" तुम्ही टोपी उचलून निघून गेलात.

जानेवारीत तुमचं पत्र आलं. "दादा, शब्द तुझाच. भेटायला येऊ का?" तेव्हा हे अंथरुणावर होते. तुम्ही आलात तर प्रयोग दाखवायला पुन्हा भट्टीपाशी उभे राहतील, या भीतीने मी ते पत्र लपवलं. शेवटच्या आठवड्यात ते रोज विचारायचे, "लाझारचं काही आलं का?" मी रोज "नाही" म्हणाले.

तुमच्यासाठी दुसरं पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात ते शांतपणे गेले, एवढंच आहे. सकाळी टपालात तेच टाकीन.

तुमची वहिनी,
ओदील