कॉर्डलेस फोन, गटारीच्या पलीकडे

मलकापूर, रविवार, ११ ऑक्टोबर १९९८

हा कॉर्डलेस फोन आणला तेव्हा गल्लीभर मीच मिरवलो. म्हटलं, आता कुणी धावत येऊ नका, फोनच तुमच्या दारात येईल. येतो. आवाज तेवढा आमच्या घरी राहतो. आठवडाभर बॅटरी बदलून झाली, बेस खिडकीत ठेवून झाला, तरी गटार ओलांडली की खरखर.

समोरच्या हौसाक्कांचा मुलगा फौजेत. दर रविवारी बूथवरून तो आमच्याच नंबरावर बोलतो. आज अक्कांचा गुडघा धरलेला, म्हणून हँडसेट घेऊन मीच पळालो. त्यांच्या कानाला लावेतो खरखर होऊन आवाजच तुटला. अक्का मात्र सुरूच. "जेवलास का रं? म्हस व्याली. आन् ऐक, तुज्या बायकूला दिस गेल्यात. बाप हुणार तू!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं?

घरी येऊन पाहतो, तर बेसची एरियल आत दाबलेली. सौ. म्हणाली, "अहो, त्याशिवाय क्रोशाचं कव्हर बसतच नाही." म्हणजे आठवडाभर मी बॅटरीला शिव्या घातल्या आणि दोष कव्हराचा! कव्हर काढलं. तिनं तोंड फुगवलं. असो.

पण फोन परत देताना अक्का म्हणाल्या, ते काही डोक्यातून जात नाही. "भाऊ, लय गुणाचा फोन हाय तुमचा. एरवी पोरगं मला बोलू देत न्हाई. आज समदं ऐकून घेतलं बगा."

सकाळी जाऊन सांगावं लागणार, की त्याला अजून काहीच माहीत नाही.