दवाखान्याच्या दारात दिलेला निरोप

आत्याबाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाची झाले. जे तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही ते आज लिहायला बसले आहे. सासूला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही, तरी लिहिते.

लग्न होऊन सणसरजवळच्या आपल्या वाडीत आले तेव्हा मी दहावी पास झालेली पोर, आणि तुम्ही आसपासच्या सगळ्या वस्त्यांची सुईण. पहिल्याच वर्षातली एक दुपार मला अजून दिसते. स्वयंपाकघरात चटईवर एक गरोदर बाई आडवी झाली आहे. तुम्ही पिठाचे हात धुता, माझं मनगट धरून माझा पंजा तिच्या पोटावर ठेवता. "डोकं कुठं हाय, सांग." मी म्हणते, कळत नाही. "डोळं मीट, मंग कळंल." मी डोळे मिटते, आणि खरंच काहीतरी गोल, टणक हाताला लागतं. तुमच्या वडिलांची मेंढरं होती. त्यांच्यामागं हिंडता हिंडता तुम्ही हे शिकलात. मेंढी सांगत न्हाय कुठं दुखतंय, हातालाच इचारावं लागतं, असं तुम्ही म्हणायचात. आडवं आलेलं कोकरू तुमच्या हाताला नुसत्या स्पर्शानं कळायचं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका पहिलटकरणीच्या कळा मधेच थांबल्या. तुम्ही वेळ न घालवता तिला जीपमध्ये बसवलंत आणि आपण बारामतीच्या दवाखान्यात नेलं. बाई वाचली, मूलही वाचलं. पण डॉक्टर मॅडम बाहेर आल्या आणि चारचौघांत तुम्हाला म्हणाल्या, "घरी काय काय उद्योग करून आणलंय हिला?" तुम्ही काही केलं नव्हतं, वेळेवर आणलं होतं एवढंच. परत येताना एस.टी.त तुम्ही खिडकीबाहेरचे उसाचे फड बघत होतात. मग म्हणालात, "त्या दारात मी पुन्यांदा पाय ठेवायची न्हाय. पर बाया तितं गेल्या पायजेत. एकटीला आत घेत्यात म्हणून भ्यात्यात आन् उशीर करत्यात. तुला लिव्हता येतं, बोलता येतं. तू त्यांच्यासंगं जा." तुमच्या जागी मी असते तर अपमान गिळून असं काही सुचलं असतं का, कोण जाणे.

मग मी मॅडमना भेटायला गेले. दोनदा रांगेत बसून परत आले, तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "तुला नक्की काय हवंय?" म्हटलं, "आमच्या बायांबरोबर आत थांबू द्या." "नर्स आहेस?" "नाही." "मग आत काय करणार?" "हात धरीन, पाठ चोळीन, तुम्ही सांगाल ते त्यांना समजावून सांगीन. मी आत असले तर त्या लवकर येतील, मॅडम." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि महिनाभर बघू म्हणाल्या. नखं कापायची, काचेच्या बांगड्या काढायच्या, मधे बोलायचं नाही, आणि त्या सुईणीकडून काही करून आणायचं नाही. बांगड्यांचं मी घरी भीत भीत सांगितलं. सवाष्णीनं मोकळे हात घेऊन हिंडायचं म्हणजे काय! तुम्ही स्वतः माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्यात. "बाळाला काच लागायची. काढ. घरात कोन काय बोललं तर मी हाय."

महिन्याचं वर्ष झालं, मग आणखी वर्षं गेली. तुम्ही घरी बाईला तपासायचात, मी कागदावर लिहायचे. कळा कधी सुरू झाल्या, पाणी गेलं का, डोकं कुठं आहे. तो कागद मी मॅडमच्या हातात द्यायचे. तुमचा अंदाज चुकत नव्हता. एकदा मॅडम सिस्टरांना म्हणाल्या, "हिचा हात चांगला आहे, हिचा कागद आधी बघत जा." तेव्हा सांगायला हवं होतं, की हात माझा नाही, माझ्या सासूबाईंचा आहे. सुरुवातीला वाटलं, तुमचं नाव घेतलं तर कागदाची किंमत जाईल, आणि ते खरंही होतं. पण पुढं मला ते कौतुक गोड लागायला लागलं. गावात तुम्हाला विचारायच्या आधी बाया मला विचारू लागल्या, तेही आवडलं. आणि हळूहळू मला वाटायला लागलं, की हात माझाच आहे.

मग पळसदेवला दिलेली तुमची लेक तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस उन्हाळ्याचे होते. आठवड्यापूर्वी मीच तिला बघितलं होतं, डोकं खाली होतं. त्या सकाळी कंबर धरली म्हणून तुम्ही पोटावर हात ठेवलात आणि तुमचा चेहरा बदलला. "फिरलंय. आडवं हाय." मी हात ठेवला. डोळे मिटले नाहीत. "नाही आत्याबाई, खालीच आहे." तुम्ही वाद घातला नाहीत. मी कागदावर लिहिलं, डोकं खाली.

पोरीसाठी तुम्ही शपथ मोडलीत, जीपमध्ये बसलात. दवाखान्याच्या दारात थांबून माझा दंड धरलात. "तुला माझं पटत न्हाय तर ऱ्हाऊ दे, पर मॅडमला येवढं सांग, आई म्हणती आडवं हाय. त्या बघतील." मी म्हणाले, "सांगते."

मी सांगितलं नाही, आत्याबाई. मॅडम दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. सिस्टरांनी कागद वाचला, म्हणाल्या, तिसरं आहे, डोकं खाली आहे, वेळ आहे अजून. मी तिचा हात धरून उभी राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर सिस्टरांनी विचारलं असतं, कोण आई, तिला काय कळतं, मग हा कागद कुणाचा? म्हणून मी गप्प राहिले. पाणी फुटलं आणि, बाळ आडवं असलं की होतं तसं, आधी नाळ बाहेर आली. मॅडम धावत आल्या, लगेच आत घेतलं. तुमची लेक वाचली. मुलगा होता, तो रडलाच नाही.

व्हरांड्यात तिच्या सासरची माणसं उभी होती. मॅडमनी मला विचारलं, "डोकं खाली आहे असं कुणी बघितलं होतं?" तुम्ही बाकड्यावरून उठलात. "मी. मीच म्हणलं डोकं खाली हाय. हिनं मी सांगितलं तेच लिव्हलं." मॅडम तुम्हाला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही पदर सावरून सगळं ऐकून घेतलंत. मी तुमच्यापासून दोन हातांवर होते.

त्यानंतर कुणी तुम्हाला बाळंतपणाला बोलावलं नाही. तुमची लेक माहेरी यायची बंद झाली, आली ती तुमच्या दहाव्याला. बाळ गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी चुलीपुढं मी तुमचे पाय धरले. तुम्ही पाय मागं घेतलेत. "तुला त्या दारातनं भाईर काढलं असतं, तर गावच्या बाया पुन्ना घरातच ऱ्हायल्या असत्या. म्हणून बोलली मी. तुज्यासाठी न्हाय." एवढंच. पुन्हा त्या विषयावर तुम्ही एक शब्द काढला नाहीत, आणि मी दुसऱ्या दिवशी बारामतीला गेले, कारण एका बाईचे दिवस भरले होते.

दार उघडं राहिलं. पुढं बारामतीत आणि इंदापुरात आणखी डॉक्टरांनी मला आत घेतलं. शेकडो बायांचे हात मी धरले. तुम्ही वाचवलंत ते हेच, असं मी स्वतःला समजावते. कधी पटतं, बरेचदा पटत नाही.

नवरा गेल्यापासून तुमची लेक माझ्याकडेच असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आईचा हात चुकला, पर वहिनी संगं होत्या म्हणून मी जगले. मी ऐकून घेते. आत्ता ती दाराशी येऊन गेली, विचारत होती काय लिवताय. म्हटलं, आत्याबाईंना पत्र. ती हसली. मग चौकटीला टेकली आणि म्हणाली, "माज्याकडनंबी लिवा. म्हणावं, मी कवाच माफ केलंय."

ते लिहिलं. आता ती जेवायला हाक मारते आहे. तिला वाचता येतं, म्हणून हा कागद मी कपाटात ठेवून कुलूप लावणार आहे.